शरदातला एक दिवस, सत्तरीचे तीन माथे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा उलटला, भात कापून झाले आणि आभाळ धुतल्यासारखे निळे झाले, की ओळखीपाळखीची माणसे विचारू लागतात, "यंदा डोंगर कधी?" आम्ही साखळी-डिचोलीकडची सात-आठ माणसे दर वर्षी या दिवसांत गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या माथ्यांवर एक अख्खा दिवस चालतो. त्यात कोणी शिक्षक आहे, कोणी दुकान चालवतो, एक ताई बँकेत आहेत. लोक दर वर्षी जे विचारतात आणि त्यांनी जे विचारायला हवे असते, ते दोन्ही इथे एकदाच लिहून ठेवले आहे.

नेमके कुठल्या दिवसांत जायचे?

पंचांगाप्रमाणे आश्विन-कार्तिक म्हणजे शरद. गोव्यातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर परततो, पण तो तारीख पाळून जात नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सकाळ लख्ख असते आणि दुपारी तीन वाजता पूर्वेकडून काळे ढग चढून येतात, असे पुष्कळदा होते. म्हणून आम्ही दिवाळी झाल्यावरचा रविवार धरतो. नरकासुर जाळून, पोहे खाऊन, पाहुणे परत गेले की दोन-तीन आठवडे उत्तम मिळतात. व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, अजून पाणी असते, गवत सोनेरी झालेले असते, हवा इतकी साफ असते की लांबच्या डोंगरावरचे झाडसुद्धा वेगळे ओळखू येते.

डिसेंबरातली थंडी सुखाची असते, हे मान्य. पण तोवर गवत पार वाळते, पाणी आटते आणि गोचिडांचे दिवस सुरू होतात. त्याविषयी खाली वेगळे लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय जाऊ नका.

एका दिवसात किती माथे होतात?

या प्रश्नाचे उत्तर लांब आहे, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

लोक माथे मोजतात आणि त्यांची उंची मोजतात. मधल्या खिंडी कोणी मोजत नाही. एका माथ्यावरून दुसऱ्यावर जायचे म्हणजे आधी खाली उतरायचे, मग पुन्हा चढायचे. आणि आल्या वाटेने परतायचे असेल, तर जाताना जी उतरण सोपी वाटली, तीच परतताना चढण होऊन समोर उभी राहते.

कागद-पेन्सिल घ्या. समजा, गावापासून पहिला माथा २५० मीटर वर आहे. तिथून १२० मीटर उतरून खिंड, मग १५० मीटर चढून दुसरा माथा. पुन्हा १०० मीटर उतरण, आणि १३० मीटर चढून तिसरा. नकाशावर बघणारा म्हणतो, शेवटचा माथा गावापेक्षा ३१० मीटरच तर उंच आहे. आता पायांचा हिशेब करा. जाताना चढलात २५०, १५० आणि १३०, म्हणजे ५३०. परतताना त्याच दोन खिंडींतून वर यावे लागले, म्हणजे आणखी १०० आणि १२०. एकूण झाले ७५० मीटर. दिसले त्याच्या दुपटीहून जास्त.

वेळेसाठी एक जुना ठोकताळा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. वरची वाट जाऊन-येऊन ११ किलोमीटर धरली तर चालण्याचे सव्वादोन तास, चढाईचा सव्वा तास, म्हणजे साडेतीन तास होतात. हा हिशेब थंड हवेतल्या उघड्या डोंगरांवरचा, सवयीच्या पायांचा. आमच्याकडे वाट झाडोऱ्यातून जाते, उतरणीवर मुरमाचा घसारा असतो आणि दहानंतर ऊन चटकू लागते. म्हणून आम्ही येणाऱ्या आकड्याची सरळ दुप्पट करतो आणि थांबे त्यात वेगळे मिळवतो. साडेतीनचे सात, थांब्यांसह आठ. इतक्या वर्षांत हा हिशेब आम्हाला फारसा चुकलेला दिसला नाही.

तेव्हा उत्तर असे: सवय असेल तर तीन, नसेल तर दोन. चार माथे करून आलेली माणसे मला माहीत आहेत. त्यांना तिसरा आणि चौथा माथा आठवत नाही, फक्त गुडघे आठवतात.

कुठले माथे? नावे सांगाल का?

गोव्याचा सगळ्यात उंच डोंगर सत्तरीतच आहे. त्याला कोणी सोसोगड म्हणतो, कोणी सोनसोगड, आणि इंग्रजी स्पेलिंगवरून उलट वाचून काहीजण 'सोन्सोगोर' लिहितात. त्याच्या उंचीचे आकडेही निरनिराळे छापलेले आढळतात. हजार मीटरच्या वर आहे, एवढे मात्र सगळे सांगतात. त्याखालोखाल कातळांची माऊली, वाघेरी आणि मोर्लेगड ही नावे शाळेच्या भूगोलापासून आपण ऐकत आलो. केरीच्या बाजूला राहणाऱ्यांना वाघेरी उठता-बसता समोर दिसते.

पण एका दिवसात जोडून करण्यासारखे माथे म्हणजे हे नावाजलेले चार नव्हेत. ते एकमेकांपासून लांब आहेत. आम्ही चालतो ते चोर्ला घाट चढून गेल्यावर, सुर्ल्याच्या बाजूला. तिथे गावच मुळात उंचावर वसलेले आहे, त्यामुळे निम्मी चढाई गाडीने केलेली असते आणि सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या सपाटीवरून, माथे एकमेकांजवळ सापडतात. त्यांतल्या बऱ्याच टेकाडांना नकाशात नाव नाही. गावातल्या माणसाला विचारा, त्याच्याकडे प्रत्येकाला नाव आहे. कुठे देवाचे, कुठे झाडाचे, कुठे पूर्वी कोणी गुरे ठेवायचा त्याचे. ती नावे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव वाचून लोक वाट शोधत एकटे जातात, आणि ती वाट एकट्याने जाण्याची नाही.

'गड' म्हणतात म्हणजे वर किल्ला आहे का?

नाही. महाराष्ट्रातून येणारे मित्र हमखास विचारतात आणि तटबंदी नाही म्हटल्यावर थोडे हिरमुसतात. इथे उंच डोंगराच्या नावालाच गड जोडतात. गोव्याचे नावाजलेले किल्ले बहुतेक समुद्राच्या आणि नद्यांच्या मुखाशी आहेत: आग्वाद, शापोरा, रेइश मागुश, तेरेखोल. सत्तरीत किल्ला बघायचाच असेल तर वाळपईजवळचा नाणूसचा बघा. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड केले ते तिथून. आता अवशेषच उरले आहेत, पण उभे राहावे अशी ती जागा आहे.

परवानगी लागते का?

लागते. सत्तरीचा हा डोंगराळ भाग म्हादई अभयारण्यात येतो. अभयारण्य १९९९ मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याप्रमाणे अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. "आमचे मामा त्याच गावचे आहेत" हे कारण चालत नाही. आठवडाभर आधी वन कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या, माणसांची नावे, दिवस आणि वाट लिहा. परवानगीचा कागद बरोबर ठेवा.

कागदासाठी कागद म्हणून हे सांगत नाही. २०२० च्या जानेवारीत याच अभयारण्यात गोळावलीच्या परिसरात चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले. तेव्हापासून या जंगलात वाघ आहे की नाही, या प्रश्नाला कोणी हसत नाही. २०२३ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, ज्या रानाविषयी एवढे चालले आहे तिथे आपण कुणाच्या तरी घरात शिरतो आहोत हे ध्यानात ठेवून पाऊल टाकायचे.

मोबाईलमध्ये नकाशा आहे. तरी गावचा माणूस घ्यायलाच हवा का?

घ्यायलाच हवा. हे मी अनुभवाने सांगतो आणि तो अनुभव आमच्याच चुकीचा आहे.

काही वर्षांपूर्वी आमचा नेहमीचा वाटाड्या भात झोडणीत अडकला होता. आम्ही म्हटले, वाट आता पाठ आहे, शिवाय मोबाईलमध्ये कोणाची तरी चाललेली रेघ उतरवून घेतली आहे. पहिले दोन माथे छान झाले. तिसऱ्याच्या पायथ्याशी पोहोचायला पावणेतीन वाजले. त्याच वेळी परत फिरायला हवे होते. फिरलो नाही. परतताना माथ्यावरून सोंडेवर उतरलो आणि एक मळलेली, रुंद, सुरेख वाट मिळाली. सगळे खूश. अर्ध्या तासाने कळले की ही माणसांची वाट नव्हे, गव्यांची आहे. ती पाण्यावर जाते, गावात नाही. आम्ही एका व्हाळात उतरलो होतो, दोन्हीकडे उभा चढ, आणि झाडांखाली साडेपाचलाच अंधारून आले. मोबाईलवरची रेघ आम्हाला सरळ दाखवत होती की गाव इथून आठशे मीटरवर आहे. मधे कडा होता, तो रेघेत दिसत नव्हता.

सात माणसांत एकच बॅटरी. तोंडातून शब्द फुटत नव्हता कोणाच्या. शेवटी वरून कूऽऽ अशी हाक आली. आम्ही दुपारपर्यंत दिसलो नाही म्हणून तो वाटाड्याच दोघांना घेऊन शोधायला निघाला होता. वर आल्यावर तो रागावला नाही. पाणी दिले आणि एवढेच म्हणाला, "सूर्य बुडचे आदीं सकयल पावूंक जाय रे." म्हणजे, सूर्य बुडायच्या आधी खाली पोहोचायला हवे. मी तेव्हापासून त्याच्याशिवाय पाऊल टाकलेले नाही.

वाटाड्याला त्याच्या दिवसाच्या मजुरीहून जास्त द्या, आधी ठरवून द्या, आणि जेवण आपल्याबरोबर बसून करायला सांगा. वयाने मोठे असतील तर काका किंवा भाऊ म्हणा. "ए गाईड" म्हणून हाक मारणाऱ्या एका पाहुण्याला आम्ही पुन्हा नेले नाही.

किती वाजता निघायचे?

डोंगराच्या पायथ्याशी पावणेसातला पाय जमिनीवर हवा. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य साडेसहाच्या पुढे उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड साडेअकरा तासांचा. रानात त्यातला शेवटचा अर्धा-पाऊण तास धरूच नका. साखळीहून पाचला निघा, घाटात ट्रकांची रांग लागायच्या आधी वर पोहोचा.

दुपारी एक वाजता, तुम्ही कुठेही असा, परतीला लागायचे. तिसरा माथा पन्नास पावलांवर असला तरी. आमच्यात हा नियम मोडायचा अधिकार कोणालाही नाही, आणि तो कुठल्या दिवसानंतर केला हे वर लिहिलेच आहे.

पाणी किती न्यायचे? वर मिळते का?

माणशी तीन लिटर. खिंडीतल्या झऱ्यांना नोव्हेंबरपर्यंत पाणी असते, वाटाड्याला ते ठाऊकही असतात, पण त्यावर दिवस बेतू नका. एका बाटलीत कोकमाचे आगळ, मीठ आणि थोडी साखर घालून ठेवा. आमच्या ताई हे घरूनच करून आणतात. दुपारी बारा वाजता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना, त्या आंबट-खारट घोटाची बरोबरी विकतच्या कुठल्याही पेयाला येत नाही. ओआरएसची दोन पाकिटे तरीही सॅकमध्ये असू द्या.

वर थंड असते ना? मग उन्हाची एवढी काळजी कशाला?

हवा थंड असते, ऊन थंड नसते. हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे पणजीत ३३ असेल तेव्हा आठशे मीटरच्या सड्यावर २८ च्या आसपास. वर वारा असतो, म्हणून घाम लगेच सुकतो आणि आपल्याला तहान लागली आहे हे कळत नाही. सड्यावर सावली म्हणून नाही. कातळ तापतो, वाळलेले गवत उजेड डोळ्यांत फेकते. आम्ही आजवर दोघांना उन्हाने बसलेले पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा ते गटातले सगळ्यात धडधाकट तरुण होते. त्यांनीच टोपी घेतली नव्हती. रुंद काठाची टोपी घ्या. मानेवर ओला पंचा ठेवा.

कपडे आणि बूट कसले?

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पूर्ण विजार, घोट्याच्या वर जाणारे बूट. नवीन बूट पहिल्यांदा डोंगरावर घालू नका, आधी महिनाभर घरून बाजारापर्यंत वापरा.

मोज्यांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. या दिवसांत सड्यावरचे गवत पिकलेले असते आणि त्याला कुसळे आलेली असतात. कुसळ म्हणजे नुसता काटा नव्हे. हातात घेऊन बघा: टोकाला सुईसारखे बी, त्याला मागे वळलेली बारीक लव, आणि शेपटीसारखी पिळाची काडी. लव मागे वळलेली असल्याने ते आत जाते, बाहेर येत नाही. ओल लागली की काडीचा पीळ सुटतो आणि बी मळसूत्रासारखे फिरत आत सरकते. गवत आपले बी मातीत असेच पेरते, आणि तुमचा घामेजलेला लोकरी मोजा त्याला माती वाटतो. दुपारपर्यंत घोट्याभोवती शंभर सुया होतात. उपाय सोपा आहे. विजारीचे टोक मोज्यात खोचण्याऐवजी बुटाच्या वरून घ्या आणि घोट्याभोवती गुळगुळीत कापडाची पट्टी गुंडाळा. छत्रीचे जुने कापड उत्तम. त्यावर कुसळ टिकत नाही.

वाटेत चेहऱ्याला जाळी लागतात. तो कोळी विषारी असतो का?

घाबरण्यासारखे काही नाही. तो रानातला मोठा कोळी, मादी हाताच्या तळव्याएवढी, पाय काळे आणि सांध्यांवर पिवळे ठिपके. पावसानंतर या दिवसांत त्याची जाळी पूर्ण वाढलेली असतात, दोन झाडांच्या मधे, बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. सकाळच्या तिरप्या उन्हात ते जाळे सोन्याच्या तारेसारखे चमकते, धागा खरोखरच पिवळा असतो. त्याच जाळ्याच्या कडेला एक तांबडा, तांदळाएवढा बारका कोळी बसलेला दिसेल, तो नर. माणसाला यांचा उपद्रव नाही. पुढे चालणाऱ्याने तोंडासमोर एक काठी उभी धरावी आणि जाळे दिसले तर वाकून खालून जावे. तोडू नये.

गवा, अस्वल समोर आले तर?

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त त्याचीच. कळप असेल तर तो तुमच्या आधी निघून जातो. एकटा बैल असेल तर थांबा, ओरडू नका, हळूहळू मागे सरून जाड झाडाआड व्हा आणि त्याला वाट द्या. फोटोसाठी दोन पावले पुढे टाकणे हा सगळ्यात मोठा मूर्खपणा. अस्वलाला मात्र अवचित गाठायचे नाही, म्हणून दाट झाडीतून जाताना आपसांत बोलत जायचे. स्पीकरवर गाणी लावणे म्हणजे बोलणे नव्हे.

आग्या मोहोळ दिसले तर धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड यांतले काहीही नको. गुपचूप लांबून वळसा.

साप चावला तर?

शांत बसवा, चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा. चिरा देऊ नका, दोरीने आवळू नका, तोंडाने ओढू नका. १०८ ला फोन करा. डोंगरात रेंज मिळेलच असे नाही, म्हणून दोघेजण धावत नव्हे, पण न थांबता गावाकडे निघा, बाकीच्यांनी माणसाला झोळीत उचलून आणा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते. सड्याच्या सैल दगडांत फुरसे असते, म्हणून बसण्याआधी दगड काठीने ठोकून बघा. झाडाच्या फांदीला हात लावण्याआधी डोळे लावा, हिरवा चापडा पानांत मिसळून जातो.

माकडताप म्हणजे काय? सत्तरीत आहे का?

आहे, आणि हे उत्तर वगळू नका. हा विषाणूचा आजार, तो गोचिडांच्या चाव्यातून येतो. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून डॉक्टर त्याला त्या जंगलाच्या नावाने ओळखतात. सत्तरीत २०१५ पासून त्याच्या साथी आल्या, माणसे दगावली. मुख्यतः रानात काजू, लाकूड, पाला गोळा करायला जाणारी गरीब माणसे. साथीचे दिवस साधारण डिसेंबर ते मे. म्हणूनच आम्ही नोव्हेंबरच्या पुढे हा कार्यक्रम ढकलत नाही.

अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल लावा, पालापाचोळ्यात आडवे पडू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे नीट बघा. या गोचिडी तिळाएवढ्या असतात, तीळच समजून सोडून द्याल. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, जागा लक्षात ठेवून वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंग फुटल्यासारखे दुखणे सुरू झाले, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा: "मी सत्तरीच्या रानात गेलो होतो." गोळी घेऊन घरी बसू नका.

वर चहा करता येईल का?

नाही. थर्मासमध्ये घरून न्या. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईचे रान अनेक ठिकाणी पेटले, विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती. केरीकडच्या लोकांनी रात्री डोंगरावर ती लाल रेघ बघितली आहे. शरदातले गवत वरून सोनेरी आणि आतून कोरडे असते. काडेपेटी आणि विडी गाडीतच ठेवायची.

खायला काय न्यावे?

पोई (गोव्याचा पाव) आणि बटाट्याची सुकी भाजी. पोई दुपारपर्यंत मऊ राहते, सांडत नाही. सोबत गूळ-शेंगदाणे, केळी. दिवाळीचा फराळ उरलेला असतो तोही. मासे नकोत, वास रानभर जातो. प्लास्टिकचे एकही पाकीट वर राहता कामा नये.

दुपारी ढग आले तर?

लगेच माथा सोडा. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा होतात आणि उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोहोचण्याच्या अंतरात आहे. खिंडीत उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, एकमेकांपासून अंतर ठेवून उकिडवे बसा. पाऊस बघू, भिजू, फोटो काढू, हे सगळे गाडीजवळ आल्यावर.

आई-बाबांना, मुलांना हे डोंगर दाखवायचे आहेत. ते एवढे चालणार नाहीत.

मग सत्तरीचा हट्ट धरू नका. दक्षिण गोव्यातला, पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर बघा. जवळपास माथ्यापर्यंत रस्ता जातो, शेवटी पायऱ्या, वर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ. खाली चांदर दिसते, भोज राजांची जुनी राजधानी चंद्रपूर ती हीच. तिथून गाडीने बोरीला येऊन सिद्धनाथाच्या डोंगरावर चढा, वरून झुआरीचे वळण दिसते. एका दिवसात दोन माथे, दोन देवळे, आणि दुपारचे जेवण घरी. आठ वर्षांच्या मुलाला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. पायथ्यापासून चालत चढता आले तर फारच छान.

वरून समुद्र खरेच दिसतो का?

दिसतो. हजार मीटर उंचीवरून क्षितिज शंभर किलोमीटरच्याही पलीकडे असते, आणि किनारा तिथून चाळीसेक किलोमीटरच. तरी सकाळी दिसत नाही, दरीत धुके असते. दुपारी माथ्यावर पोहोचता तेव्हाही निळ्यात निळे मिसळलेले असते आणि लोक म्हणतात, कुठे आहे समुद्र?

परतताना, दुसऱ्या खिंडीतून वर आल्यावर, साधारण तीनच्या सुमाराला मागे वळून बघा. सूर्य पश्चिमेला कललेला असतो. खाली अंजुण्याच्या धरणाचे पाणी, त्यापुढे कुळागरांचा, म्हणजे पोफळीच्या बागांचा, गर्द पट्टा, खाणींचे लाल ओरखडे, आणि सगळ्याच्या पलीकडे आभाळाच्या कडेला पत्र्याच्या पातीसारखी एक झगझगीत रेघ. आमचा वाटाड्या तिथे दर वर्षी दोन मिनिटे थांबतो. मग पंचा झटकतो आणि म्हणतो, चला.